बनी तो बनी, नही तो परभणी

गेल्या वीकांताला काकांचा फोन आला. काका म्हणजे माझे धाकटे काका, मानवतला असतात, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मुद्द्यावर आले. "तू सांग बाबा त्याला जरा. माझं काही ऐकंना गेलाय. तुझं ऐकतो तो."

तो म्हणजे माझा चुलत भाऊ. गेल्या वर्षी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची डिग्री झाली. कॅम्पसमधून एका कंपनीचं पत्रही मिळालं होतं. मग रुजू व्हायची तारीख पुढे गेली, परत पुढे गेली, आणि आता ईमेललाही उत्तर येत नाही. दरम्यान हा पठ्ठ्या मोंढ्यातल्या एका आडत्याच्या दुकानात बसून त्याचा हिशोब कॉम्प्युटरवर घेऊन देतो. आता त्याच्या डोक्यात हेच काम मोठं करायचं आहे. आडतीसाठी, जिनिंगसाठी सॉफ्टवेअर. काकांचं म्हणणं, पुण्याला जावं, काहीही मिळेल ते धरावं, पगार चालू करावा.

मी फोनवर "बोलतो" म्हणालो खरा, पण काय बोलणार? मी स्वतः पाच वर्षं हिंजवडीत नोकरी करतोय. त्याला नोकरी कर म्हटलं तर भित्रा ठरतो आणि धंदा कर म्हटलं तर दुसऱ्याच्या लेकराच्या जिवावर शूर. मग नेहमीप्रमाणे शनिवार-रविवार वाचण्यात घालवला. हा प्रश्न आपल्याकडे आला कुठून, हे जरा मागे जाऊन बघावं म्हटलं. त्याचंच हे टिपण.

"उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी" ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकली आहे. आमच्या घरात मात्र आजोबांपासून ती उलटी झालेली. उत्तम नोकरी, मध्यम व्यापार, आणि शेती आहेच आपली नशिबाला. मला लहानपणी वाटायचं की हा आमच्या लोकांचा आळस किंवा घाबरटपणा. "मराठी माणसाला धंदा जमत नाही" हे वाक्य तर लग्नाच्या पंगतीपासून ऑफिसच्या कँटीनपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. थोडा इतिहास बघितल्यावर मात्र मत बदललं.

परभणी १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होती. सरकारी कारभार उर्दूत. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झालं ते उर्दू माध्यमातच. म्हणजे मराठी घरातल्या मुलाला साधी कारकुनी हवी असली तरी आधी परकी वाटणारी भाषा शिकायची. पोलीस कारवाई झाली तेव्हा मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय नावापुरतीच होती. १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला (आजच्या छत्रपती संभाजीनगरला) पुढे मिलिंद नावाने ओळखलं गेलेलं महाविद्यालय काढलं आणि त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज निघालं. विद्यापीठ आलं १९५८ ला, सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९६० ला, दोन्ही औरंगाबादला. पुण्यात इंजिनिअरिंगचं शिक्षण १८५४ पासून आहे. सरळ शंभर वर्षांचा फरक!

मग आला १९७२ चा दुष्काळ. आमच्या आजोबांच्या बोलण्यात "बहात्तर साल" हा शब्द कालगणनेसारखा यायचा. अमुक लग्न बहात्तरच्या आधीचं, तमुक विहीर बहात्तरच्या नंतरची. जमीन असलेले लोक खडी फोडायला गेले. त्या वर्षी गावात ज्याच्या घरी दर महिन्याला ठरलेली रक्कम येत होती, तो म्हणजे शाळेचा मास्तर, तलाठी, रेल्वेतला माणूस. पूर्णा जंक्शन आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथल्या रेल्वेतल्या माणसाचा पगार पाऊस पडो न पडो, एक तारखेला होत होता. हे ज्यांनी डोळ्याने बघितलं, त्यांनी आपल्या मुलांना काय शिकवलं असेल? नोकरी म्हणजे पावसावर अवलंबून नसलेलं पीक. यात घाबरटपणा कुठे आला, हा तर साधा हिशोब आहे.

त्याच साली, म्हणजे १९७२ च्या मे महिन्यात, परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ झालं. आणि दोनच वर्षांत, १९७४ मध्ये, मराठवाडा विकास आंदोलन पेटलं. या आंदोलनाची ठिणगी काय होती, हे आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. कृषी विद्यापीठातली नोकरभरती! आपल्या दारात आलेल्या संस्थेत आपल्याच पोरांना जागा नाहीत, हा राग. वसमतला गोळीबार झाला. (वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं, हिंगोली वेगळा झाला तो १ मे १९९९ ला.) पुढे गोविंदभाई श्रॉफांसारखी माणसं त्यात आली आणि मागण्या वाढल्या. रेल्वेचं रुंदीकरण, सिंचन, उद्योग. पण सुरुवात नोकरीपासून. नोकरीसाठी पोरं रस्त्यावर उतरली, असा आमच्या भागाचा इतिहास. तेव्हा काका जे बोलतात ते एकट्या काकांचं बोलणं नाही. ती पन्नास वर्षांची आठवण बोलते.

आता कॉम्प्युटरकडे येऊ.

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याआधी दोन वर्षं, १९८१ ला, नांदेडला गुरु गोबिंदसिंहजींच्या नावाचं कॉलेज सुरू झालं होतं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत डिग्री घेतलेल्या पोरांची संख्या भराभर वाढली. पण डिग्री गावाजवळ आली आणि काम मात्र पुण्या-मुंबईलाच राहिलं. १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना आली, उपग्रहाची जोडणी, करसवलत, आयातीची सोय. त्याचा फायदा जिथे विमानतळ, वीज आणि आधीच असलेल्या कंपन्या होत्या तिथे झाला. आमच्याकडे नव्वदच्या दशकात मीटरगेजची ब्रॉडगेज झाली, आणि खरं सांगायचं तर त्या रुळांवरून माल आला कमी आणि पोरं गेली जास्त :)

मग इथे राहून कॉम्प्युटरचा धंदा कोणीच केला नाही का? केला की. वसमत रोड, स्टेशन रोड, जिंतूर रोड, कुठेही जा. आधी टायपिंग इन्स्टिट्यूट होत्या. त्यांच्या शेजारी किंवा त्यांच्याच जागेत कॉम्प्युटर क्लास आले. वर्डस्टार, लोटस, डीबेस. मग डीटीपी, लग्नपत्रिका आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका. मग टॅली. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एमएस-सीआयटी सुरू केलं आणि तालुक्यातालुक्याला सेंटर झाली. पुढे टायपिंगच्या परीक्षाही संगणकावर आल्या. आणि आज त्याच इमारतींच्या वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका आहेत. टेबल-खुर्ची, वायफाय, थंड पाणी, महिन्याचे ठरलेले पैसे.

ही यादी लिहिताना माझ्या एक गंमत लक्षात आली. टायपिंग, एमएस-सीआयटी, अभ्यासिका. यातला प्रत्येक धंदा चालला तो कोणाच्या पैशावर? नोकरी शोधणाऱ्यांच्या! एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र सरकारी भरतीला लागायचं म्हणून सेंटर भरलेलं. म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात खात्रीचा धंदा कोणता, तर नोकरीची आशा विकण्याचा. धंदा आणि नोकरी या दोन वेगळ्या वाटा आहेत असं आपण बोलतो, पण परभणीत एक वाट दुसरीच्या खांद्यावर बसलेली आहे.

सरकारने प्रयत्न केले नाहीत असंही नाही. २ ऑक्टोबर १९९३ ला पंतप्रधान रोजगार योजना आली. सुशिक्षित बेरोजगाराला धंद्यासाठी तारणाशिवाय कर्ज, सुरुवातीला एक लाखापर्यंतच्या प्रकल्पाला. जिल्हा उद्योग केंद्रात अर्ज, मुलाखत, मग बँक. २००८ मध्ये ती पीएमईजीपी नावाच्या नव्या योजनेत विलीन झाली, २०१५ ला मुद्रा आली. कर्जाचे आकडे वाढत गेले. पण कर्ज हे भांडवल आहे, गिऱ्हाईक नाही. आणि या योजनांच्या अर्जात "पहिलं गिऱ्हाईक कोण?" आणि "पहिली दोन वर्षं जेवायचं कशावर?" असे रकाने कधी नसतात.

इथे मी जरा जिल्ह्याबाहेर जातो. ज्यांची नावं आपण भाषणात ऐकतो, त्यांनी ही पहिली दोन वर्षं कशी काढली?

सगळ्यात जुनं उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. गोष्ट सांगताना आपण सांगतो की बढती डावलली म्हणून त्यांनी मुंबईच्या व्हीजेटीआयमधली शिक्षकाची नोकरी १८९७ ला सोडली आणि कारखानदार झाले. पण बेळगावातलं सायकलचं दुकान त्याच्या कितीतरी आधी, १८८८ ला सुरू झालेलं होतं! लक्ष्मणराव मुंबईत नोकरी करत आणि दुकान बेळगावला भाऊ रामचंद्रराव बघत. जवळपास नऊ वर्षं नोकरी आणि धंदा शेजारी शेजारी चालले. लोखंडी नांगर आला १९०३ ला, आणि शेतकऱ्यांनी तो लगेच घेतला असंही नाही, लोखंडाने जमीन नासेल अशी भीती होती. किर्लोस्करवाडी तर १९१० ची, तीही औंधच्या राजांनी जागा दिली म्हणून. सुरुवातीपासून मोजलं तर बावीस वर्षं.

दुसरं उदाहरण इन्फोसिसचं. १९८१, पुणे, सात जण, दहा हजार रुपये, ते सुधा मूर्तींनी दिलेले. एवढं सगळ्यांना पाठ आहे. पण त्याआधीचा भाग कमी सांगितला जातो. नारायण मूर्तींनी त्याआधी पुण्यातच सॉफ्ट्रॉनिक्स नावाची कंपनी काढली होती. ती साधारण दीड वर्षात बंद पडली. मग त्यांनी काय केलं? नोकरी! पटणी कॉम्प्युटर्समध्ये गेले, आणि पुढचे सहा सोबती तिथेच भेटले. आणि इन्फोसिस सुरू झाल्यावर घर चाललं ते सुधाताईंच्या पुण्यातल्या पगारावर. म्हणजे आजच्या या प्रचंड कंपनीच्या पायात एक बुडालेला धंदा, एक नोकरी आणि बायकोचा पगार आहे.

तिसरे आनंद देशपांडे. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातून कॉम्प्युटर सायन्समधली पीएचडी, मग पालो आल्टोला एचपीच्या प्रयोगशाळेत नोकरी, आणि १९९० मध्ये पुण्यात येऊन पर्सिस्टंट. शेअर बाजारात कंपनी गेली २०१० ला, वीस वर्षांनी. त्यांचं धाडस मोठंच. पण हातात पीएचडी असलेल्या माणसाला परतीचं दार उघडं असतं, हेही खरं. पडलो तर परत नोकरी मिळेल, ही खात्री म्हणजे न दिसणारं भांडवल.

आणि चौथं उदाहरण, जे मला आमच्या पठ्ठ्याच्या सगळ्यात जवळचं वाटतं, ते काटकर बंधूंचं. कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातले, शिक्षण दहावीपर्यंत. १९८५ च्या सुमारास पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरीला लागले. १९९० ला पंधरा हजार रुपयांवर स्वतःचं दुरुस्तीचं दुकान. धाकटा भाऊ संजय, त्याला कैलासरावांनी आग्रहाने कॉम्प्युटर शिकायला लावलं. दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या मशिनमध्ये व्हायरस निघायचे. संजय ते काढायचे छोटे प्रोग्रॅम लिहायचा. १९९५ मध्ये त्याचंच क्विक हील झालं. कंपनी शेअर बाजारात आली २०१६ ला.

यात मला दोन गोष्टी दिसल्या. पहिली, डिग्री धाकट्याची, पण ती डिग्री पिकेपर्यंत घर चाललं ते दहावी पास थोरल्याच्या सोल्डरिंगवर. दुसरी, प्रॉडक्ट नंतर आलं, गिऱ्हाईक आधीच दुकानाच्या काउंटरवर मशिन घेऊन उभं होतं. त्याला काय दुखतंय हे समोर बसून कळत होतं.

हे चार प्रसंग एकापुढे एक ठेवले की "नोकरी की धंदा" हा प्रश्नच चुकीचा मांडलाय असं वाटायला लागतं. या चौघांतल्या एकाकडेही तो तसा नव्हता. प्रत्येक धंद्याच्या मागे कोणाची तरी नोकरी, कोणाचं तरी चालतं दुकान, किंवा परत नोकरी मिळेल ही खात्री होती. धाडस होतंच, पण धाडसाचा खर्च कोणीतरी उचलत होतं. ज्यांच्या घरात हा खर्च उचलायला कोणी नाही त्यांना "घाबरट" म्हणणं मला आता जमणार नाही. बहात्तर सालातून आलेल्या घराकडे अशी शिल्लक कुठून असणार? ती शिल्लक साठवायला एक पिढी मास्तरकीत घालवावी लागली. आमच्या काकांची पिढी.

उलट बाजूही बघायला हवी. नोकरी म्हणजे पावसावर अवलंबून नसलेलं पीक, हे १९७२ ला खरं होतं. आयटीतल्या नोकरीला तो नियम लागत नाही. २००१ ची मंदी, २००८-०९ ची मंदी, आणि २०२२ नंतर नवीन भरतीत आलेली ओढ. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीने सुमारे १२ हजार माणसं कमी करायचं जाहीर केलं. फ्रेशरचा पगार कित्येक वर्षं तीन-साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतोय, आणि पुण्यातलं भाडं मात्र घुटमळत नाही. म्हणजे काका ज्या नोकरीची आठवण धरून बोलतात ती नोकरी, आणि भाऊ ज्या नोकरीला नाही म्हणतोय ती नोकरी, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नाव तेवढं एक.

एवढं सगळं डोक्यात जमल्यावर रविवारी रात्री भावाला फोन केला. इतिहास काही सांगितला नाही (सांगितला असता तर त्याने फोन ठेवला असता). फक्त तीन प्रश्न विचारले.

पहिला, पैसे देणारं गिऱ्हाईक आहे का? तो म्हणाला, "दादा, दोन आडतवाले महिन्याचे पैसे देतात. तिसरा म्हणतो आधी सीझन बघू." कापसाचा सीझन म्हणजे दिवाळीपासून पुढे, हे मला माहीत आहे. म्हणजे तिसऱ्याचं उत्तर यायला वेळ आहे.

दुसरा, बुडालं तर कोण भरणार? इथे तो गप्प झाला. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता सध्या काका भरतात. तीन वर्षांनी पगार थांबणार. घाकट्या बहिणीचं शिक्षण अजून चालू आहे. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही, पण कोणी त्याला आकडा विचारला नव्हता. सगळ्यांनी फक्त "कर" किंवा "नको करू" एवढंच सांगितलं होतं.

तिसरा, परतीचं दार किती दिवस उघडं राहील? डिग्रीनंतरची दोन-अडीच वर्षं कोणी फारसं विचारत नाही, त्यानंतर मुलाखतीत "या काळात काय केलं?" हा प्रश्न येतोच. मी स्वतः मुलाखती घेतो, मला माहीत आहे. आणि तेव्हा "दोन वर्षं मोंढ्यात सॉफ्टवेअर विकलं, हे चुकलं, ते शिकलो" हे उत्तर कोऱ्या दोन वर्षांपेक्षा किती तरी बरं.

शेवटी ठरलं ते असं. पुढच्या दिवाळीनंतरचा एक पूर्ण सीझन धरून दीड वर्ष. तोपर्यंत कर्जाचा हप्ता मी भरायचा. दीड वर्षात घरखर्चाला हातभार लागण्याइतकी गिऱ्हाईकं झाली नाहीत तर नोकरी शोधायची, आणि त्याला हरणं म्हणायचं नाही.

काकांना फोन करायचं माझ्याकडे आलं. ते सगळं ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुला मी त्याला समजावायला सांगितलं होतं." मी म्हटलं, "काका, तुम्ही तीस वर्षं नोकरी केली म्हणूनच त्याला हे दीड वर्ष मिळतंय." पुन्हा शांतता. "बघा बाबा तुम्ही पोरं," एवढंच म्हणाले आणि काकूंकडे फोन दिला. राग होता की नाही कळलं नाही. बहुतेक होता.

आपल्याकडे एक म्हण आहे, "बनी तो बनी, नही तो परभणी." जमलं तर जमलं, नाही तर आहेच परभणी. बाहेरचे लोक ती चेष्टेने वापरतात. कुठेच काही जमलं नाही की जायचं ते गाव, असा अर्थ लावून. मला आजकाल तिचा दुसरा अर्थ दिसतो. जमलं नाही तर परत यायला जागा आहे, असं ज्याला म्हणता येतं तोच काहीतरी करून बघू शकतो. काकांचं घर ही भावाची परभणी आहे. मूर्तींना पटणीतली नोकरी होती तशी.

दीड वर्षाने काय होईल ते मला माहीत नाही. झालं की इथेच लिहीन, बनलं तरी आणि नाही बनलं तरी.

असो. फार लांबलं. उद्या सोमवार, सकाळी नऊला मीटिंग आहे.